‘काकू, चार टाको खाऊन हेरिटेज साजरा होत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांचा वारसा साजरा करणाऱ्या हिस्पॅनिक हेरिटेज महिन्याच्या निमित्ताने मी शिकागोतल्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीवर लिहिलं होतं. अठराव्या रस्त्यावर काय बघावं, कुठे खावं, तिथलं संग्रहालय का चुकवू नये, असा तो लेख. त्याखाली तुम्ही नाव न घालता जे लिहिलंत, ते ज्यांच्या वाचनात आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं पहिलं वाक्य मी वर मथळ्यातच दिलं आहे. पुढे तुम्ही म्हणता की हिस्पॅनिक म्हणजे फक्त मेक्सिकन नव्हे. हा महिना म्हणजे सरकारने आणि कंपन्यांनी चालवलेली जाहिरात आहे. आणि पिल्सनमधून मूळची माणसं हाकलली जात असताना ‘तुमच्यासारख्या उपनगरातून येणाऱ्या पाहुण्यांमुळेच तिथली भाडी वाढतात’.

आधी त्या ‘काकू’बद्दल. शेजारपाजारची मुलं मला काकूच म्हणतात आणि मला ते आवडतं, कारण त्यात माया असते. तुम्ही मला ओळखत नाही. वाक्याच्या सुरुवातीला ‘काकू’ ठेवलं की पुढे वाटेल ते सुनावता येतं, हा प्रकार मी मराठी संकेतस्थळांवर बघत आले आहे. आणि तो नेहमी बाईच्याच वाट्याला येतो. त्याच लेखाखाली एका वाचकाने शिकागोच्या बसमार्गांबद्दल मला दुरुस्त केलं, तेही नाव न देता, पण नीट शब्दांत. त्यांना मी दोन ओळींत आभार मानून उत्तर दिलं. तुम्हाला इतकं लांब उत्तर देते आहे ते तुमच्या स्वरामुळे.

एक तक्रार रास्त आहे, ती मान्य करते. पोर्तो रिकन लोकांना माझ्या लेखात जेमतेम दोन ओळी मिळाल्या. लेख पिल्सनवर होता हे खरं, पण मथळ्यात ‘हिस्पॅनिक’ शब्द असताना हम्बोल्ट पार्क या शिकागोतल्या पोर्तो रिकन वस्तीला आणखी थोडी जागा मिळायला हरकत नव्हती.

आता ‘चार टाको’. हे मला लागलं ते माझ्यासाठी नाही, ते रांधून वाढणाऱ्यांसाठी.

टाकोची साधी तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, घ्या. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर त्यातच ठेवायचा, सकाळी चोळून धुऊन सालं काढायची आणि मग ओला दळायचा. चुना नसेल तर ते पीठ एकजीव होत नाही, थापता येत नाही आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगाला लागत नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत ही रीत हजारो वर्षं चालत आली आहे. युरोपने तिथून मका नेला आणि ही रीत मागेच ठेवली. उत्तर इटलीत मक्याच्या लापशीवर जगणारी गरीब माणसं नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने सोलली गेली, भ्रमिष्ट झाली, मेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही तेच झालं. जे ज्ञान पोटातून माणसाला वाचवतं, ते तुम्हाला संस्कृतीच्या यादीत बसवावंसं वाटत नाही?

अठराव्या रस्त्यावरचं ‘कार्नितास उरुआपान’ १९७५ पासून चालू आहे. उरुआपान हे मिचोआकान राज्यातलं शहर. तिथल्या पद्धतीने डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात आणि वजनावर विकतात. रविवारी चर्च सुटल्यावर अख्खी कुटुंबं येऊन पौंडावर मांस, चिचार्रोन (डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी) आणि तोर्तियांची चळत घेऊन जातात. हे मी वाचून लिहीत नाही. मी बरीच वर्षं पिल्सनच्या रूडी लोझानो वाचनालयात संध्याकाळी इंग्रजी शिकणाऱ्यांना मदत करत असे. (हे लोझानो तिथलेच कामगार कार्यकर्ते, १९८३ मध्ये त्यांचा खून झाला. वाचनालयाला नाव कुणाचं द्यावं हेसुद्धा त्या वस्तीने स्वतः ठरवलेलं दिसतं.) तिथे येणारी एक बाई पहाटे उठून तामालेस (पानात गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे उंडे) वाफवायची आणि ट्रेनच्या स्टेशनबाहेर विकायची. तिच्या गृहपाठाच्या वहीत इंग्रजी क्रियापदांपेक्षा हिशेबच जास्त असायचे. सप्टेंबर २०१५ पर्यंत शिकागोत हातगाडीवर कणसं, तामालेस, तिखट-लिंबू लावलेली कापलेली फळं विकायला परवानाच मिळत नव्हता. पकडलं की दंड व्हायचा, माल फेकून दिला जायचा. विक्रेत्यांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षं नगर परिषदेचे उंबरे झिजवले, तेव्हा कायदा बदलला. आणि बदलला तो असा, की माल परवानाधारक स्वयंपाकघरातच तयार व्हायला हवा, म्हणजे त्याचं भाडं आलंच. त्या बाईकडून पानात गुंडाळलेला गरम तामाल विकत घेणं, तिला दाम मोजणं, तो कसा केला हे विचारणं, हे तुम्हाला उथळ वाटत असेल तर वाटो. मला तो सन्मान वाटतो.

आणि खाण्याच्या धंद्यामागे किती घाम असतो हे मला कुणी सांगायची गरज नाही. माझी आई लालबागला खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार आमच्या दीड खोलीत पाळीपाळीने जेवायचे. पाळी सुटायच्या वेळेला भाकऱ्या गरम असायलाच हव्यात, हा घरचा कायदा. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँक दारात उभी करत नव्हती. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांच्या बैठकांना आई जायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पुढे कित्येक महिने आईने उधारीवर जेवायला घातलं. त्या वह्यांतले पैसे कधी आले नाहीत आणि तिने ते कधी मागितलेही नाहीत. तिच्या हातच्या सुकटीच्या कालवणाला उद्या कुणी ‘चार घास’ म्हणून उडवून लावलं, तर मी त्याच्याशीही असंच भांडेन.

म्हणून भाड्यांबद्दल मला शिकवू नका. लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, चिमण्या पाडल्या, त्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, आणि आम्ही बदलापूरला गेलो. वस्ती हातातून निसटते म्हणजे काय, हे मी आमच्या चाळीत बघितलं आहे. पिल्सनची माणसं तर एकदा विस्थापित होऊनच तिथे आली. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या आवारासाठी जवळची वस्ती उठवली गेली, तेव्हा तिथली मेक्सिकन कुटुंबं चेक लोकांनी वसवलेल्या या भागात सरकली. आता २००० नंतर तिथून दहा हजारांहून जास्त हिस्पॅनिक रहिवासी गेले आहेत. याबद्दल माझ्या लेखात ‘अवाक्षर नाही’ असं तुम्ही लिहिता. कासा आस्तलानबद्दलचा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही, एवढाच याचा अर्थ होतो. पुन्हा सांगते. १९७० पासून ते वस्तीचं केंद्र होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या हक्कांच्या, चळवळीची चित्रं होती. इमारत हातची गेली, आणि २०१७ मध्ये नव्या मालकाने त्या चित्रांवर करडा रंग फासला. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी मालकाला माघार घ्यावी लागली आणि मूळ चित्रकार रे पातलान यांनीच तिथे पुन्हा चित्र काढलं. इमारतीत फ्लॅट झाले ते झालेच. भिंत मात्र लोकांनी परत मिळवली. त्या भिंतीचा फोटो मी काढला, आणि तुम्ही तो ‘भिंतींचे फोटो’ म्हणून मोडीत काढलात.

उपनगरातून ट्रेनने येऊन, जेवून, संग्रहालय बघून परत जाणाऱ्या बाईमुळे भाडी वाढतात, हे मला पटत नाही. तिथल्या मेक्सिकन दुकानात पैसे टाकणारं गिऱ्हाईक गेलं तर ते दुकान टिकेल कसं, एवढंच तुम्ही मला सांगा.

संग्रहालयाबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत, याचं खरंच वाईट वाटलं, कारण लेखाचा जीव तिथे होता. कार्लोस तोर्तोलेरो हे शाळामास्तर. १९८२ मध्ये सहकारी शिक्षकांबरोबर ९०० डॉलर घेऊन त्यांनी कामाला सुरुवात केली. १९८७ मध्ये हॅरिसन पार्कात दार उघडलं. आज नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टच्या संग्रहात हजारो कलाकृती आहेत आणि पहिल्या दिवसापासून तिथे तिकीट नाही. तिकीट ठेवलं असतं तर कारखान्यातून सुटून लेकरांना घेऊन येणारी आई आत आली नसती. पिल्सनमधलं बेनितो हुआरेझ हायस्कूलही असंच मिळवलेलं आहे. वस्तीतल्या आयांनी मोर्चे काढले, तेव्हा ते १९७७ मध्ये उघडलं. तिथे कला, शाळा आणि भाकरी एकाच लढ्यातून आलेली आहेत, म्हणून मी त्यांच्याबद्दल एकाच लेखात लिहिलं.

मराठी बाईचा याच्याशी काय संबंध, असाही तुमचा सूर आहे. उपवासाच्या खिचडीकडे बघा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडांतून आलेलं. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून गोव्याला उतरली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पिल्सनच्या संग्रहालयात दरवर्षी शरद ऋतूत मृतांच्या दिवसाचं प्रदर्शन असतं. तिथल्या वेद्यांवर, गेलेल्यांच्या फोटोंभोवती, हाच झेंडू रचलेला असतो. फोटोसमोर पाणी, मीठ, पाव, त्या माणसाला आवडणारा पदार्थ. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या घरातली बाई तिथे उभी राहिली तर तिला समजावून सांगायला कुणी लागत नाही. संबंध मी ओढूनताणून आणलेला नाही, तो माझ्या ताटात आधीपासून होता.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. महिना जाहिरातीचा आहे म्हणता. तो १९६८ मध्ये आठवडा म्हणून सुरू झाला, लॉस एंजेलिसचे खासदार एडवर्ड रॉयबल यांच्यासारख्यांनी मागितला म्हणून, आणि १९८८ मध्ये महिना झाला. तो सुरू होतो १५ सप्टेंबरला, कारण त्या दिवशी ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका यांचा स्वातंत्र्यदिन, दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा. कंपन्या मागून आल्या. त्यांनी काही छापलं म्हणून लोकांनी आपला सण सोडायचा का?

राहता राहिला हम्बोल्ट पार्क. डिव्हिजन रस्त्यावरचे १९९५ मध्ये उभारलेले पोर्तो रिकोचे ते दोन पोलादी ध्वज, आणि पावाऐवजी चेपून तळलेल्या कच्च्या केळ्यात मांस घालून केलेला, शिकागोत नावारूपाला आलेला हिबारितो, यांवरचा लेख मी आधीच लिहायला घेतला होता. तो पुढच्या आठवड्यात येईल. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे.