वाररेषेवरचे सहा गट

नववीच्या भूगोलाला यंदा गटवाचन आणि गटचर्चा घ्यायची, असं प्रशिक्षणात सांगितलं. तिथे आम्ही 30 जण खुर्च्या गोल करून बसलो होतो आणि मधूनमधून चहा येत होता. माझ्या वर्गात 62 मुलं, फरशीला खिळलेले बाक आणि 35 मिनिटांची तासिका.

धडा घेतला आंतरराष्ट्रीय वाररेषा, म्हणजे नकाशावरची जी रेषा ओलांडली की वार बदलतो ती. गट पाडले सहा. पाडले म्हणजे फळ्यावर पाडले. एका देशात दोन वार नकोत म्हणून 180 अंशांवरून सरळ निघालेली वाररेषा बेटं आली की वाकडी होते ना, तशाच माझ्या गटांच्या सीमा. जिवलग मित्र दिसला की लगेच वळसा. तिसऱ्या गटात 5 जण उरले, पाचव्यात 17.

"बाई, आमच्यात एक तरी मुलगी द्या ना!"

"कशाला रे?"

"लिहायला."

वाचन सुरू झालं. सहा गटांतले सहा जण एकदम, मोठ्यानं, सहा वेगळ्या ओळी वाचू लागले. शेजारच्या वर्गावरच्या सरांनी शिपाईमामांना पाठवलं. मामा दारातून म्हणाले, "सर विचारतायत, या वर्गावर कोणी आहे का?" होते ना. खडू घेऊन मधोमध उभी होते.

चौथ्या गटात मात्र डोकी जुळवून गंभीर चर्चा चालली होती. हरखून जवळ गेले, तर विषय होता: चतुर्थीला खिचडी आणणाऱ्यानं ती मधल्या सुट्टीपर्यंत एकट्यानं सांभाळावी का?

शेवटी डस्टर आपटलं आणि सामोआ सांगितलं. पॅसिफिकमधला हा बेटांचा देश तेव्हा वाररेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला, पण व्यापारउदीम ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी. इथे शुक्रवार तेव्हा तिथे शनिवारची सुट्टी. तिथे सोमवारी दुकानं उघडली की इथे रविवार. वैतागून त्यांनी रेषाच पलीकडे सरकवली. 2011 साली तिथे 29 डिसेंबरचा गुरुवार संपला आणि थेट 31 चा शनिवार उजाडला. शुक्रवार आलाच नाही.

क्षणभर चिडीचूप. मग वर्ग फुटलाच.

"बाई, त्या दिवशी ज्याचा वाढदिवस असेल त्यानं काय करायचं?"

"बाई, शुक्रवारचा गृहपाठ?"

"आणि चतुर्थी असती तर?"

शेजारच्या अमेरिकन सामोआनं वार बदलला नाही, एवढं मी म्हणाले मात्र, एरवी हजेरीलाही जेमतेम ओठ हलवणारी तिसऱ्या गटातली मुलगी उठली. नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "मग वाढदिवस आधी सामोआत करायचा. दुसऱ्या दिवशी विमानानं इकडे यायचं. इथे अजून तोच दिवस. केक दोन!" पाचव्या गटानं लगेच उलट्या प्रवासात केक हुकतो, हे शोधून काढलं. त्यावरून भांडण जुंपलं. पुस्तकं उघडली गेली, तीही आपणहून. आणि घंटा झाली.

संध्याकाळी अहवालाच्या वह्या तपासल्या. सहाही वह्यांत एकच वाक्य: 'सर्वांनी चर्चेत सक्रीय सहभाग घेतला.' सहाही ठिकाणी 'सक्रीय' दीर्घच. चौथ्या गटानं तेवढं खाली जोडलं होतं: 'बाई, घटक चाचणी शुक्रवारी आहे. रेषा थोडी सरकवता येईल का?'