पन्नासाला एक कमी

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, इस्त्रीवाल्यासकट पंधरावीस माणसांसमोर, पाचवीतल्या एका मुलीने मला गणितात नापास केलं. मी बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत. पंचवीस पैशांचा फरक येतोय म्हणून रात्री नऊपर्यंत लेजरं उपसणारा माणूस मी. असो. असो म्हणतोय खरा, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आमची बिल्डिंग दादरची, तीन मजली, १९४९ सालची. यंदा तिला रंग दिला आणि कमिटीला हेरिटेज चढलं. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना जागतिक वारसा ठरवलं, तेव्हापासून आमचे सेक्रेटरी स्वतःच्या गॅलरीच्या गोल कठड्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. गेटवर साल कोरायचं ठरलं, तेही रोमनमध्ये. "गेटवे ऑफ इंडियावर आहे, जाऊन बघा." गेलो, बघितलं. आहे. पाचवा जॉर्ज मुंबईत उतरला त्याचा दिवस आणि महिना शब्दांत, साल मात्र एमसीएमएक्सआय, म्हणजे १९११. पण तो बादशहा. त्याला अक्षरामागे दीडशे रुपये पडले नव्हते.

आकडे म्हटल्यावर काम माझ्या गळ्यात आलं. माझं रोमन शिक्षण वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळावर झालेलं, म्हणजे बारापर्यंत. पुढचं मोबाईलवर बघून पाठ केलं: एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. लहान अक्षर मोठ्याच्या उजवीकडे आलं तर मिळवायचं, डावीकडे आलं तर वजा करायचं. सोपं वाटलं. तिथेच घात झाला.

पाट्या कोरणाऱ्याचं दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत, एक माणूस मावेल एवढं. तो एक माणूस आधीच आत होता, त्यामुळे मी अर्धा गल्लीत. गृहस्थांना 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा काढली जाईल' अशी पाटी हवी होती आणि शेवटी उद्गारचिन्हं किती घ्यावीत यावर ते अडले होते. उद्गारचिन्हालाही दीडशेच. विचार करता करता त्यांनी माझी चिठ्ठी वाचायला घेतली. एमसीएम म्हणजे एकोणीसशे, तिथपर्यंत ठीक होतं. पुढे मी एक्सएल लिहून थांबलो होतो.

"ही तर बनियनची साईज."

"चाळीस आहे ते. पन्नासाच्या डावीकडे दहा."

"माझी डबल एक्सएल." त्यांनी पोटावरून हात फिरवला. "म्हणजे पन्नासातून वीस गेले, राहिले तीस. माणूस सुटत चालला की आकडा उतरतो? कसली माणसं म्हणायची ही!"

तसं लिहीत नाहीत, असं मी म्हणालो. का, ते मला सांगता येईना.

"आणि सीडी?"

"चारशे."

"आमच्या वेळी दहा रुपयांत भाड्याने मिळायची. बरं, शून्य कसं काढायचं?"

"शून्य नाही त्यांच्यात."

गृहस्थ पाटीवाल्याकडे वळले. "ऐकलंत? शून्य नाही! मग उधारी फिटली हे गिऱ्हाइकाला सांगत कसे असतील?"

प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्यातल्या बँकवाल्याला तर तो फारच भिडला. आपले आकडे अरबांकडून युरोपात पोचले, त्यांच्यासोबत शून्यही पोचलं, तरी फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ साली हिशेबाच्या वहीत ते वापरायला बंदी घातली. रक्कम रोमनमध्येच लिहायची. आकड्यात खाडाखोड सोपी, अशी भीती सांगतात. चेकवर रक्कम अक्षरीसुद्धा लिहायला लावतात ती याच जातीची भीती. हे मी तिथे सांगायला लागलो, पण गृहस्थ खर्चकपातीकडे वळले होते.

"राव, अक्षरं कमी करा ना. १९५० केलंत तर?"

"एमसीएमएल. चार."

"१९००?"

"एमसीएम. तीन."

"बघा! पैसे वाचले आणि हेरिटेज पन्नास वर्षांनी वाढलं. आणि २०००?"

"एमएम. दोनच."

"मग तुमची बिल्डिंग भलत्याच साली बांधली हो."

मी म्हणालो, खोटं साल चालणार नाही, एकोणपन्नासच पाहिजे. यावर ते क्षणभर थांबले आणि माझ्या खिशाला तीनशे रुपयांची फुंकर घालणारं वाक्य बोलले. "एकोणपन्नास म्हणजे तरी काय? पन्नासाला एक कमी. एल काढा, डावीकडे एक काडी. झालं काम!"

मी दिपून गेलो. एक ऊन पन्नास! एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या डावीकडून एक वजा करत आली आहे आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलोय. एक्सएलआयएक्सच्या जागी नुसतं आयएल. सातऐवजी पाचच अक्षरं. पाटीवाल्याने दोनदा विचारलं, "काका, नक्की? ग्रॅनाईट आहे, खोडता येत नाही." दोन्ही वेळा "नक्की!" असं त्या गृहस्थांनीच सांगितलं. स्वतः मात्र एकही उद्गारचिन्ह न घेता गेले.

तर काल दगड बसला. नारळ फुटला. पेढे निघाले. आणि तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी पेढा खात खात म्हणाली, "आजोबा, हे चुकलंय. आयला फक्त व्ही नाहीतर एक्सच्याच आधी उभं राहता येतं, एलच्या आधी नाही." ('आयला' माझ्याही मनात आलं होतं, वेगळ्या अर्थाने.) "चाळीस नऊ लिहायचं. एक्सएल चाळीस, आयएक्स नऊ."

चाळीस नऊ! माझ्या जिव्हारी काय लागलं असेल तर हे. २०१९ साली दुसरीच्या गणितात बालभारतीने सत्तावीसला 'वीस सात' म्हणायची सोय केली आणि प्रकरण विधानसभेपर्यंत गाजलं, तेव्हा याच गेटपाशी उभं राहून मी अर्धा तास भाषण ठोकलं होतं. मराठी मेली, इथपर्यंत गेलो होतो. त्याच पुस्तकावर वाढलेली ही पोर, आणि अख्खं रोम तिच्या बाजूने.

रात्री शोधून बघितलं. एकोणपन्नासला लॅटिनमध्ये म्हणायचे अनडेक्विन्क्वाजिंटा, शब्दशः पन्नासातून एक. एकोणीसलाही वीसातून एक. म्हणजे बोलायचे माझ्या आजीसारखे आणि लिहायला सांगायचं या पोरीसारखं. बोलण्यात एक, कागदावर दुसरं. आमच्या कमिटीत बिनविरोध निवडून आले असते. शिवाय नियम नियम म्हणतात, तर वडिलांच्या घड्याळावर चारच्या जागी आयव्ही कुठे आहे? सरळ चार काड्या आहेत. बहुतेक रोमन घड्याळांवर असंच असतं. त्या घड्याळवाल्यांना कोणी पेढे वाटून चारचौघांत उभं केलंय का?

चूक माझी, कबूल. पण चिठ्ठीवर सेक्रेटरी, चेअरमन, खजिनदार तिघांच्या सह्या आहेत. काल तिघेही म्हणाले, "मला वाटलंच होतं." वाटलं होतं तर सही करताना हात का नाही थरथरला? उद्या कुरिअरवाला गेटवर ते सात अक्षरांचं वाचून कंपनीचं नाव समजणार आहे, त्याचं कोणाला काही नाही. साधं मराठीत १९४९ कोरलं असतं तर चार आकड्यांत सहाशे रुपयांत भागलं असतं. पण नको, आपल्याला बादशहा व्हायचंय.

चुकलेला दगड आमच्या वॉशिंग मशीनखाली गेला. मशीन आता हलत नाही, असं बायकोचं म्हणणं. नव्या दगडाचे तेराशे आणि सात अक्षरांचे साडेदहाशे, एकूण २,३५० रुपये माझ्याकडून येणे निघाले. मी खजिनदारांना सुनावलं, "बिल रोमनमध्ये द्या, लगेच भरतो."

आज सकाळी दाराखालून चौकटीच्या वहीचा कागद आला. पेन्सिलीने, वळणदार अक्षरात: एमएमसीसीसीएल. मी तीनदा ताडून पाहिलं. कुठेही चूक नाही.

चेकबुक काढलं. रक्कम अक्षरी लिहिली: दोन हजार तीनशे एकोणपन्नास फक्त.