लॉटच्या आठवणी पूर्ण लिहा

ग्रेटफुल डेड किंवा फिश या अमेरिकन बँडच्या जुन्या चाहत्यांना त्यांची पहिली मैफल विचारली, तर तारीख आणि गाव ते क्षणात सांगतात आणि त्यानंतरचा अर्धा तास प्रामुख्याने मैफलीबाहेरच्या पार्किंग लॉटबद्दल, म्हणजे गाड्या लावायच्या मैदानाबद्दल, बोलतात. गाडी कुठे लावली होती, शेजारच्या गाडीत कोण होते, कोणी खायला दिले, तिकीट कसे मिळाले, हे सगळे त्यांना स्पष्ट आठवते. पहिले गाणे कोणते झाले हे मात्र अनेकांना नंतर यादीत पाहावे लागते. ज्यांनी हे जग पाहिलेले नाही त्यांना हे विचित्र वाटते. मला ते अगदी योग्य वाटते, आणि त्याची कारणे मांडण्यासाठी हे लिहीत आहे.

मराठी वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. ग्रेटफुल डेड हा बँड 1965 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि ऑगस्ट 1995 मध्ये त्याचे गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया यांचे निधन होईपर्यंत त्याने सुमारे 2,300 मैफली केल्या. गाण्यांची यादी रोज वेगळी असे, आणि एकच गाणे एका रात्री सात मिनिटांत संपे, तर दुसऱ्या रात्री वीस मिनिटे फुलत जाई. तोच यमन त्याच गवयाकडून पुन्हा पुन्हा ऐकायला जाणाऱ्या आपल्या श्रोत्यांना यामागची ओढ समजावून सांगावी लागणार नाही. या बँडचे भारतीय संगीताशी प्रत्यक्ष नातेही होते. ढोलवादक मिकी हार्ट यांच्यावर उस्ताद अल्लारखाँ यांच्या तालविचाराचा खोल परिणाम झाला. पुढे मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्यांनी दिगा ऱ्हिदम बँड केला, ज्याचा अल्बम 1976 मध्ये आला, आणि त्यानंतर 1991 मध्ये प्लॅनेट ड्रम हा ग्रॅमी मिळवणारा अल्बमही केला.

मैफल रोज वेगळी असल्यामुळे एक ऐकून समाधान होत नसे. लोक बँडच्या मागोमाग एका शहरातून दुसऱ्या शहरात जात, आणि त्यासाठी पेट्रोलला आणि पुढच्या तिकिटाला पैसे लागत. हे पैसे लॉटमध्ये उभे राहत. गाडीची मागची दारे उघडून, छोट्या गॅसच्या शेगडीवर चीज सँडविच भाजून एक-दोन डॉलरला विकणारी मुले, शाकाहारी बरिटो, बर्फाच्या पेटीतल्या बाटल्या, हाताने रंगवलेले टाय-डाय शर्ट, मण्यांच्या माळा, स्टिकर असा सगळा बाजार एका रांगेत भरे. बँडच्या 1978 च्या अल्बमवरून या रांगेला शेकडाउन स्ट्रीट म्हणू लागले, आणि आजही तेच नाव चालते. तिकीट नसलेला माणूस हाताचे एक बोट वर करून उभा राही. याला मिरॅकल मागणे म्हणत, आणि कोणीतरी अनोळखी माणूस येऊन त्याच्या हातात जादा तिकीट फुकट ठेवून जाई. जादा तिकीट विकायचे झाले तरी ते छापील किमतीलाच विकावे, वर पैसे घेऊ नयेत, असा अलिखित नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला लॉटमध्ये मान नसे.

गार्सिया यांना मी प्रत्यक्ष ऐकू शकलो नाही. माझी पहिली मैफल फिशची. हा बँड 1983 मध्ये व्हरमाँट विद्यापीठात सुरू झाला. मी बॉस्टनजवळ शिकत होतो आणि 1999 च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने मला मॅन्सफील्डच्या ग्रेट वूड्स या खुल्या रंगमंदिरात नेले. मैफल संध्याकाळी होती, पण आम्ही दुपारीच पोहोचलो, कारण त्याच्या मते उशिरा जाणे म्हणजे अर्धी मैफल चुकवणे होते. शेजारी पन्नाशीचे एक जोडपे घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. ते 1980 च्या दशकात डेडच्या मागे फिरलेले होते. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्या बाईंनी स्वतः उठून मला रांगेतल्या एका मुलीकडे नेले, बीन्सचा बरिटो घेऊन दिला आणि मला पैसे देऊ दिले नाहीत. अमेरिकेत आल्यापासून इतक्या अनोळखी माणसांशी मी एका दुपारी कधीच बोललो नव्हतो. आत गेल्यावर लांबलेली गाणी कशी ऐकायची, सूर कुठे सुटतो आणि कुठे परत येतो, हे मला थोडेफार उमगले ते त्या जोडप्याने बाहेर कॅसेट लावून दाखवलेल्या जागांमुळे. म्हणूनच मैफल आत होते आणि बाहेर नुसता बाजार असतो, हे मत मला मान्य नाही. नवा श्रोता लॉटमध्येच घडत होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या मंडळींचे संगीत जितके जपले गेले आहे तितके क्वचितच कोणाचे जपले गेले असेल. डेडने श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मोकळीक दिली, आणि ऑक्टोबर 1984 पासून, बर्कलीच्या मैफलींपासून, उंच काठ्यांवर मायक्रोफोन लावणाऱ्या टेपर लोकांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवली. त्या कॅसेटी विकायच्या नाहीत, कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवून देवघेव करायची, हा रिवाज होता. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली 8 मे 1977 ची मैफल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली आहे. टपालाने तिकीट मागवताना चाहत्यांनी चित्रे काढून सजवलेली पाकिटेही कॅलिफोर्नियातल्या सँटा क्रूझच्या विद्यापीठात जतन केलेली आहेत. पण बार्टन हॉलमधून लोक बाहेर पडले तेव्हा मे महिन्यात बर्फ पडत होता, ही गोष्ट त्या टेपवर नाही. ती आपल्याला ठाऊक आहे, कारण तिथे असलेल्यांनी ती सांगितली. लॉट कोणी पद्धतशीरपणे टेप केला नाही; तो सांगणाऱ्यांच्या तोंडूनच पुढे जाणार आहे, आणि 1970 च्या दशकातले सांगणारे आता सत्तरीत आहेत.

म्हणूनच नुसता गोडवा गाणाऱ्या आठवणी मला अपुऱ्या वाटतात. 1987 मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणे लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेले आणि लॉटमध्ये संगीताशी काहीही देणेघेणे नसलेली गर्दी लोटू लागली. त्या दशकाच्या अखेरीस बँडला स्वतःच तिथे मुक्काम करू नका, विक्री करू नका असे सांगावे लागले. नशेसाठी नायट्रस वायूचे फुगे विकणाऱ्या टोळ्या आल्या, आणि अनेक तरुण एलएसडी या अमली पदार्थाच्या गुन्ह्यांत सक्तीच्या दीर्घ शिक्षा भोगायला तुरुंगात गेले. 2 जुलै 1995 रोजी इंडियानातल्या डीअर क्रीक येथे तिकीट नसलेल्या जमावाने कुंपण तोडले आणि दुसऱ्या दिवशीची मैफल रद्द झाली. त्यानंतर बँडने चाहत्यांना उघड पत्र लिहिले. आठवड्याभराने, 9 जुलैला शिकागोत, गार्सिया यांनी बँडबरोबर शेवटचे वाजवले. हे सगळे त्याच लॉटमध्ये घडले जिथे अनोळखी माणसे एकमेकांना तिकिटे फुकट देत होती. पण त्याच गर्दीत पिवळे फुगे घेऊन उभे राहणारे व्हार्फ रॅट्सही होते, जे मध्यंतरात एकत्र जमून एकमेकांना नशेपासून दूर राहायला आधार देत. त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले जाते, आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण लॉटमधली सर्वांत धैर्याची माणसे माझ्या मते तीच होती.

आज जागाही बदलत आहेत. फिशने 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकही गाणे पुन्हा न वाजवता तेरा रात्री केल्या, पण ते सभागृह रेल्वे स्थानकाच्या डोक्यावर आहे, तिथे गाड्या लावून दुपार काढायला मैदान नाही. डेडच्या काही जुन्या वादकांच्या डेड अँड कंपनी या बँडने आणि फिशने 2024 मध्ये लास व्हेगासच्या स्फिअर या गोलाकार सभागृहात वाजवले. तिथला प्रकाश आणि ध्वनी अप्रतिम असेल, पण पहिल्यांदा आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला खुर्ची देणारे शेजारी तिथे कुठे भेटणार, हा प्रश्न मला खरोखर पडतो.

माझ्या वाचकांत अमेरिकेत 1980 आणि 1990 च्या दशकांत आलेली बरीच मराठी मंडळी आहेत, आणि त्यांतली काही या मैफलींना गेलेली आहेत हे मला माहीत आहे. त्यांना माझी विनंती आहे की गाण्यांच्या याद्या सोडा, त्या मिळतात. गाव आणि वर्ष लिहा, कोणाच्या गाडीतून गेलात, काय खाल्ले, त्याला किती पैसे पडले, काय पाहून भीती वाटली, कोणी मदत केली आणि रात्री घरी कसे परतलात ते लिहा. डीअर क्रीकच्या कुंपणाजवळ त्या संध्याकाळी कोणी असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे.