बेटावर बोअर मारू नका, राजेहो

नवतपा लागला, पारा ४५ च्या वर गेला की नागपूरच्या निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच बेत शिजतो. जग बुडालं, वीज गेली, पेट्रोल संपलं तर सरळ एखादं दूरचं बेट गाठायचं. नारळ, मासे, झोपाळा. पाण्याचं काय विचारलं तर उत्तर ठरलेलं: "खणू की विहीर!" झिरो माइलपासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठलाच समुद्र नाही, त्याचा हा परिणाम.

आपली सवय अशी की विहीर आटली की खोल करायची, तरी भागलं नाही तर बोअर मारायचा. काळ्या खडकात ते चालतं. प्रवाळबेटावर तीच सवय जीव घेईल. तिथे जमिनीखाली चहूकडून समुद्र शिरलेला असतो आणि पावसाचं मुरलेलं गोडं पाणी त्यावर भिंगासारखं तरंगत असतं. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड, म्हणून हिशोब असा पडतो: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ फूट असेल तर खाली साधारण ४० फूट. आता हाच हिशोब उलटा करा. उपसून पातळी ३ इंच खाली नेली की खालचं खारं पाणी हळूहळू १० फूट वर सरकतं, आणि मोटर लावली असेल तर नेमकं त्याच विहिरीखाली शंकूसारखं वर चढतं. एकदा विहीर मचूळ झाली की पुढचे कित्येक पाऊस वाट बघायची.

म्हणून विहीर बेटाच्या मध्याकडे, उथळ आणि रुंद, पाण्यात जेमतेम हातभर उतरलेली. एका मोठ्या विहिरीपेक्षा चार लहान बऱ्या. बादलीने शेंदायचं, तेही थोडं थोडं. संडास किनाऱ्याच्या बाजूला, विहिरीपासून निदान ३० मीटर लांब, कारण वाळूतून घाण सहज झिरपते. घरच्या आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) सोबत घ्या, रोज सकाळी आकडा लिहा. तो चढायला लागला की त्या विहिरीला सुट्टी. जिभेला खारट लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. लक्षद्वीपची बेटं याच जातीची. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या पाण्यातून रोज सुमारे १ लाख लिटर गोडं पाणी काढणारा प्रकल्प बसवावा लागला. वीज गेली की तोही बंद.

विहिरीपेक्षा माझा भरवसा छपरावर जास्त. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १० बाय १० फुटांच्या पत्र्यावर दर मिलिमीटरला वाया जाणारं सोडून ७ लिटर धरा. चार माणसं, पिण्या-रांधण्याला माणशी रोज ५ लिटर, १२० कोरडे दिवस: २४०० लिटर. त्याला ३५० मिलिमीटर पाऊस पुरतो, म्हणजे आपल्याकडच्या एका चांगल्या जुलैचा. छपराचं अडतच नाही, साठवणीचं अडतं. हजार लिटरच्या तीन टाक्या आणि तोंडाला बारीक जाळी, नाहीतर त्याच टाकीत डेंग्यूचे डास पाळाल. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, त्यात पक्ष्यांची विष्ठा असते. आणि खाऱ्या हवेत पत्र्याच्या आधी स्क्रू सडतात, ते स्टेनलेसचे घ्या.

खाण्याचं थोडक्यात. आज लावलेला नारळ सहा-सात वर्षांनी फळ देईल. रताळ्याचे वेल मात्र चार महिन्यांत पोट भरतात, ते आधी. पॅसिफिकमधल्या किरिबाती या बेटांच्या देशात लोक भूजलापर्यंत खड्डे खणून, पालापाचोळा घालून त्यात मोठं अळू वाढवतात. मासे खुशाल खा, पण प्रवाळातले मोठे शिकारी, म्हणजे बॅराकुडा, मोठं हेकरू, वाम, यांच्या वाट्याला जाऊ नका. त्यांच्या अंगात साठलेलं सिग्वाटेराचं विष शिजवून, खारवून, वाळवून कशानेच जात नाही.

आता खरी अडचण. पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटावर १७९० मध्ये ‘बाउंटी’ या इंग्रज जहाजावरचे ९ बंडखोर खलाशी, ६ ताहितीकडचे पुरुष आणि काही बायका उतरल्या. जमीन होती, पाणी होतं. १८०८ मध्ये एक अमेरिकी जहाज तिथे लागलं तेव्हा त्या १५ पुरुषांपैकी एकच जिवंत होता. बाकीचे बहुतेक एकमेकांच्या हातून गेले. तिकडे पॅसिफिकमधलंच तिकोपिया हे जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती हजारावर, आणि माणसं जवळपास तीन हजार वर्षं टिकून. वादळानंतरच्या उपासमारीसाठी ते नीरफणस खड्ड्यात आंबवून ठेवतात. १६०० च्या सुमारास तर त्यांनी बेटावरची सगळी डुकरं मारून टाकली, कारण ती वाड्या उकरत होती. प्रतिष्ठेचं जनावर होतं ते.

आपल्या ग्रुपवर रविवारी तर्री-पोहे कुठे खायचे यावर तीन दिवस भांडण चालतं. तिथे कोणाची विहीर बंद ठेवायची, हे कोण ठरवणार?