जड गाडी पावसात घसरत नाही, हे साफ खोटं आहे

माझ्या भाचीला इथे गोव्यात वेर्ण्याला नोकरी लागलीय. बांदोड्याहून बोरीचा पूल ओलांडून रोज जायचं, म्हणून मोटरसायकल हवी. हात बसायला लागून जेमतेम दीड महिना झालाय. गेल्या आठवड्यात तिने मला एक फॉरवर्ड पाठवला: "मामा, हे वाच आणि सांग, साडेतीनशेचीच घेऊ ना?"

मजकूर थोडक्यात असा. पहिलीच गाडी साडेतीनशे सीसीची किंवा वरची घ्या. लहान गाडीचा वर्षभरात कंटाळा येतो. जड गाडी रस्त्याला चिकटून चालते, पावसात घसरत नाही. मोठ्या गाड्यांचे अपघात कमी होतात. आणि नवशिक्याने पुढच्या ब्रेकला हात लावू नये. तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर आला. गप्प बसवेना, म्हणून लिहितोय.

आधी ते चिकटून चालण्याचं. वजन वाढलं की टायरची पकड वाढते, हे खरं. पण थांबवायचं वजनही तेवढंच वाढतं, मग फायदा कुठे राहिला? रॉयल एनफील्डच्या क्लासिक 350 चं वजन 195 किलो, स्प्लेंडर प्लसचं 112 किलो. हा 83 किलोंचा फरक म्हणजे गाडीवर कायमचा बसलेला एक माणूस. आणि आपल्याकडे गाडी पडते ती बहुतेक वेळा थांबताना नाही तर वळताना: उतारावर, शेवाळावर, पहिल्या पावसात रस्त्यावर उतरलेल्या तांबड्या चिखलावर. भाचीच्या दारासमोर चिऱ्यांचा उतार आहे, जूनपासून हिरवा होतो. फॉरवर्ड वाचून तिने ओळखीच्या मुलाची साडेतीनशेची गाडी तिथे वळवायला घेतली. डावा पाय टेकला, चप्पल सरकली, गाडी कलली. एकदा कलल्यावर तिला ती सावरता येणं शक्यच नव्हतं. क्रॅश गार्ड, म्हणजे पुढचा लोखंडी दांडा, होता म्हणून पाय वाचला. गाडी उभी करायला शेजारचे दोघं धावले. चालू गाडीवरून नव्हे, जागच्या जागी पडली ती.

पुढच्या ब्रेकचं तर वाचून अंगावर काटा आला. ब्रेक दाबला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, गाडी थांबते ती मुख्यतः त्याच चाकाने. 1981 साली अमेरिकेतले संशोधक हॅरी हर्ट यांचा अहवाल आला. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातले 900 मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यात नेमकं हेच दिसलं: स्वारांनी मागचा ब्रेक कचकचून दाबला, चाक लॉक होऊन घसरलं, पुढचा पुरेसा धरलाच नाही. धडक टाळायला दोन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात पुढचा ब्रेक धरायचा की नाही याचा विचार करायचा? तो हळूहळू, सरळ गाडीवर दाबायचा सराव पहिल्या दिवसापासून हवा.

मोठ्या गाड्यांचे अपघात कमी, यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. हर्टच्या अहवालातही मोठ्या इंजिनाच्या गाड्या त्यांच्या संख्येच्या मानाने कमी सापडल्या. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की अपघात झालाच तर इजा जास्त गंभीर. आणि अपघातातल्या निम्म्याहून अधिक स्वारांना त्या गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. ते पाच महिने हलक्या गाडीवर काढावेत, एवढंच माझं म्हणणं.

कंटाळ्याचं काय सांगू! पणजीच्या, म्हापशाच्या पायलटांकडे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांकडे बघा. मागे गिऱ्हाईक, पुढे पिशव्या, आणि बहुतेकांच्या गाड्या साध्या, हलक्या. त्यावर त्यांचे संसार उभे राहिले. सेकंडहँड स्प्लेंडर वर्षाने विकायची झाली तरी गिऱ्हाईक सहज मिळतं.

भाचीला मी 100 ते 125 सीसीची सांगितलीय. बसल्यावर दोन्ही पाय घट्ट टेकायला हवेत, आणि बंद गाडी तिला एकटीला ढकलून फिरवता यायला हवी. वाचलेल्या पैशांत आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट आणि घोट्यापर्यंतचे बूट. रविवारी फोंड्यात एक गाडी बघायला जातोय, चप्पल घालून येऊ नको असं तिला बजावलंय.