डबा घरून भरून आणलाय!

किल्लीने खरवडलेल्या नावांना डोळे सरावलेत आता. पण अलिबागजवळच्या कोर्लईच्या किल्ल्यावर, चर्चच्या भिंतीवर ऑइलपेंट? पांढरा, चकचकीत, रविवारी दुपारी अजून बोटाला चिकटत होता. बदाम, बदामातून बाण, दोन नावं आणि खाली ठसठशीत ‘ठाणे’. म्हणजे निघताना कुणीतरी आठवणीने डबा घेतला, अर्ध्या इंचाचा ब्रश घेतला, सांडू नये म्हणून दोन पिशव्यांत बांधला आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये मांडीवर सांभाळला! एवढी काळजी लोक मोदकांच्या डब्याचीही घेत नाहीत. आणि रिकामा डबा कुठे? भिंतीतल्या कोनाड्यात. नीट मधोमध ठेवलेला, मूर्ती असावी तसा.

‘थिनरने निघेल की’ म्हणणाऱ्यांनो, नाही निघत. दगड आणि चुन्याचा गिलावा रंग पितात. थिनर ओतलात की तो पातळ होऊन आणखी आत मुरतो. तारेचा ब्रश मारलात तर रंगाआधी गिलावा झडतो. मग उगवतात उत्साही मंडळी, सिमेंट घेऊन. सिमेंटखाली डाग झाकला जातो, पण भिंतीतली ओल तिथून बाहेर पडू शकत नाही. ती शेजारच्या चुन्यातून वाट काढते, येताना क्षार आणते, लोणा लागतो. काही पावसाळ्यांनी सिमेंटचं ठिगळ ठणठणीत आणि आजूबाजूचा चुना भुसभुशीत.

तेच पिंपळाचं! वरून फांद्या छाटायच्या, फोटो काढायचा, झालं संवर्धन. मूळ सांध्यात तसंच, पुढच्या पावसात दुप्पट फुटतं. जून झालेलं मूळ ओढायला जाल तर दगडासकट हातात येईल.

शिवाय दीपगृहापाशी गाडी आडवी लावणारे. पंधरा-वीस मिनिटांच्या चढाला ‘ट्रेक’ म्हणणारे. वेदीच्या जागी रंगीत धूर सोडून प्री-वेडिंग करणारे. वर ‘इंग्रजांचं चर्च ना हे?’ अहो, १५९४ साली पोर्तुगिजांनी निजामशहाकडून घेतलेला किल्ला हा, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली बोलतात. स्पीकर बंद केलात तर ऐकूही येईल. चर्चचं छप्पर केव्हाच गेलं, भिंती मात्र खाऱ्या वाऱ्याला पुरून उरल्या. ठाणेकरांना उरतील की नाही, शंका आहे.

‘ठाणे’ वाचून जरा जास्तच झोंबलं, कबूल. खाली गाडी आमचीही एमएच ०४च होती, परतताना नंबरप्लेट लपवावीशी वाटली. आणि पोर्तुगिजांचंच बांधकाम बघायचं तर घोडबंदरचा किल्ला उशाशी आहे, तो सोडून शंभरावर किलोमीटर का तुडवायचे? कारण घोडबंदर रोडचं ट्रॅफिक! तिकडे निघालेले रंगाचे डबे बहुतेक रोडच्या तोंडाशी, माजिवड्यालाच सुकत असतील.