आधी संपादकांना लिहा
‘चुकीची बातमी छापली तर वाचक हात चोळत बसतो’ हे वर्तमानपत्रांवरच्या एका लेखातलं म्हणणं अर्धंच खरं. वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल आहे की! पण थेट तिकडे गेलं की तक्रार अडते. आधी संपादकांना लेखी कळवा: नेमकं वाक्य, त्यात काय चूक, पुरावा. मग त्या पत्राची प्रत, उत्तर आलं असल्यास तेही, आणि मूळ कात्रण जोडून दिल्लीला कौन्सिलकडे पाठवा. दैनिकासाठी मुदत छापल्यापासून २ महिने. कात्रणावर तारीख आणि आवृत्ती लिहाच. इंदूर आवृत्तीतलं पान उज्जैनच्या अंकात असेलच असं नाही. प्रकरण कोर्टात असेल तर कौन्सिल हात लावत नाही. आणि दंड? कौन्सिलच्या १९७८च्या कायद्यात तो नाहीच. ताकीद, कानउघाडणी, फार तर निषेध.